सीमा दरेगावला आली, वस्ती मात्र वेशीबाहेरच

मागच्या महिन्यात बदनापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही बैठकीला गेलो होतो. विषय गायरानाचा होता. पण विहाराच्या ओट्यावर बसलेल्या पोरांनी वेगळाच विषय काढला. "सर, ड्रायपोर्टात आपल्याला काम लागल का?" आम्ही उत्तर द्यायच्या आत मागून एक आजी म्हणाल्या, "बंदराला पाणी लागतंय ना रे बाबा? इथं तं प्यायला पाणी नाही." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण परत येताना गाडीवर कुणी बोलत नव्हते. पोराच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, हे खरे कारण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २५ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत जालन्याच्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन झाले. प्रकल्प जेएनपीटीचा, म्हणजे न्हावा शेवा बंदर चालवणाऱ्या सरकारी संस्थेचा. दरेगाव-जवसगाव शिवारात त्यासाठी सुमारे १८० हेक्टर जमीन राज्य सरकारकडून मिळाली. पुढे २०२२ मध्ये हाच प्रकल्प मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क म्हणून विकसित करण्याचा करार झाला. भारतमाला योजनेत देशभर असे ३५ पार्क ठरलेले आहेत.

ड्रायपोर्टचे काम काय? जालन्याची सळई, बियाणे, कापूस, मोसंबी इथेच कंटेनरमध्ये भरायची. कस्टमचे अधिकारी इथेच तपासणार, इथेच सील लावणार. मग रेल्वेने कंटेनर न्हावा शेव्याला आणि तिथून जहाजावर. म्हणजे देशाची सीमा जी समुद्रावर होती, ती मालापुरती आपल्या जिल्ह्यात आली. अटारी, रक्सौल, पेट्रापोल इथे सरकारने एकात्मिक तपासणी नाकी बांधली, त्यांच्यासाठी २०१२ साली लँड पोर्ट्स अथॉरिटी सुरू केली. हेतू एकच, माल सीमेवर अडून राहू नये. त्यासाठी जमीन, रस्ता, रूळ, पैसा सगळे सरकार देते.

आमचा याला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. आंबेडकरवादी म्हणजे विकासविरोधी, असा शिक्का मारायला काही लोक टपलेलेच असतात. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि त्यावरचा खरा उपाय औद्योगिकीकरण हा आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या प्रकल्पांच्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता. त्यामुळे प्रकल्प हवा की नको, हा आमचा प्रश्न नाही. प्रकल्पात आमचा वाटा कुठे आहे, हा प्रश्न आहे.

पहिला हिशोब जमिनीचा. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायराने कसून पोट भरले. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी ही वाट दाखवली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरी त्या दिवशी बैठकीत एका काकांनी पिशवीतून दंडाच्या पावत्या काढल्या. कागद पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. वडिलांनी दंड भरला, यांनी भरला, पण १-ई नोंदवहीत नाव लागले नाही आणि सातबारा आजही सरकारचाच. २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरान अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या. ज्या वर्षी लॉजिस्टिक पार्कचा करार, त्याच वर्षी या नोटिसा! कंटेनरला शेकडो एकर जमीन देताना सरकारचा हात थरथरत नाही. दोन एकर कसणारा माणूस मात्र तीस वर्षे अतिक्रमणधारकच राहतो.

दुसरा हिशोब माणसांचा. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो. काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकात. कंटेनरला नंबर असतो, सील असते, तो कुठे आहे हे मोबाइलवर दिसते. आमच्या बाया-पोरांसह निघालेल्या ट्रॅक्टरची नोंद कुठे असते? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात पासबुक, विस्थापन भत्ता, प्रवासखर्च हे सगळे लिहिलेले होते. आम्ही बैठकीत विचारले, पासबुक कुणी पाहिले आहे का? एकही हात वर झाला नाही. "मुकादमाची वही असती की," एक बाई म्हणाल्या. त्या वहीत फक्त उचल लिहिलेली असते.

तिसरा हिशोब रोजगाराचा. ड्रायपोर्टमधले हमाल, चालक, सुरक्षारक्षक हे बहुतेक ठेकेदाराचे कामगार असणार. ठेकेदाराच्या हजेरीपटाला आरक्षण लागू नाही. जागा सरकारी, पैसा सरकारी आणि भरती खाजगी, ही संविधानाला बगल देण्याची नवी रीत आहे. पण एक दार अजून उघडे आहे. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून घ्यायचा आहे. आपल्या किती पोरांना हे माहीत आहे? आम्हालाही उशिराच कळले, हे कबूल करतो. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण गल्ली-गल्ली फिरतो. त्यातली एक संध्याकाळ उद्यम नोंदणी शिकवायला दिली असती, तर त्या पोराला आज उत्तर देता आले असते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, मोर्चाच्या आधी कागद हातात घ्या. माहितीच्या अधिकारात विचारा की प्रकल्पाच्या ठेक्यांत अनुसूचित जातीच्या उद्योजकांना किती कामे मिळाली आणि कामगारांत स्थानिक किती. गावातली १-ई नोंदवही तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहा, दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. कोयता निघण्याआधी वस्तीतल्या प्रत्येक जोडीची यादी करा, ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.

संविधानाच्या कलम ३०१ ने देशभरातला व्यापार मुक्त केला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पहिल्या कलमासाठी रूळ टाकले जातात, सहापदरी रस्ते होतात. दुसऱ्यासाठी गावची वेस ते वस्ती एवढा अर्धा किलोमीटर रस्ताही मंजूर व्हायला पिढी जाते. त्या रात्री आम्ही परतलो तो रस्ता तसाच होता, गाडी ढकलत आणावी लागली. लांबवर ड्रायपोर्टच्या बाजूचे दिवे दिसत होते.

पुढच्या बैठकीला आम्ही माहिती अधिकाराचे छापील अर्ज घेऊन जाणार आहोत. प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरालाच पहिला अर्ज लिहायला लावू.

जयभीम!