समुद्रापलीकडचे पाठ्यपुस्तक

लक्षद्वीपमध्ये वस्तीची बेटे अवघी १०. कोचीहून जहाज निघते. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्यांचा भरवसा राहत नाही. अशा बेटावरील अंध विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पुस्तक पडले नाही, तर त्याचे वर्ष केवळ ऐकीव ज्ञानावर सरते.

कायद्याची अडचण केव्हाच दूर झाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंगांसाठी पुस्तकाचे सुगम रूप तयार करण्याची मुभा मिळाली. मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांआधी अनुसमर्थन देणारा देशही भारतच. जमेच्या बाजूची ही नोंद मोठी खरी. खर्चाची बाजू धक्क्यावर दिसते. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात. ते दाबून रचले तर कागदावरचे उठाव चपटे होतात, आणि दमट हवेने कागद नरमतो तो वेगळाच.

जानेवारी २०२४ मध्ये कोचीपासून समुद्राखालून टाकलेल्या केबलचे उद्घाटन झाले. बोलकी पुस्तके आता जहाजाची वाट न पाहता पोहोचू शकतात. मात्र मिनिकॉयच्या मुलाची घरची भाषा महल आणि पाठ्यपुस्तक दुसऱ्याच भाषेत. त्याला समजावून सांगणारा आवाज कोणाचा असावा, याचाही विचार हवा. शिवाय इतिहासाचा धडा कानांनी वाचता येतो, भूमितीचा त्रिकोण नाही. त्यासाठी बोटांखाली रेघ लागते. ‘आता सारे ऑनलाइन मिळते’ म्हणून ब्रेलची मागणी खोडणाऱ्या हिशेबात हीच बाब सुटते. उठावाच्या आकृत्यांचा तो गठ्ठा पावसाळ्यापूर्वीच जहाजावर चढायला हवा.