पहिल्या मालकाचे नाव

गेल्या वर्षी पावसाळा नुकताच ओसरला असताना पुण्याचे एक गृहस्थ आमच्या घरी आले. जुन्या मोटारी जमवण्याचा त्यांना नाद आहे. नाशिकला एका लग्नासाठी आले असता कोणीतरी त्यांना सांगितले होते, की जुन्या आग्रा रोडच्या आतल्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये १९६४ सालची फियाट डिलाइट उभी आहे. ती फियाट माझ्या वडिलांची. बाबांना जाऊन पंधरा वर्षे झाली. तेव्हापासून दर रविवारी मिस्सेहून परतल्यावर मी तिचे एंजिन दहा मिनिटे चालू करून ठेवीत असे. यापलीकडे तिची सेवा माझ्या हातून घडली नव्हती.

गृहस्थांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून पाहिले, खाली वाकून पत्रा कुठे गंजला आहे का ते बोटाने ठोकून पाहिले. मग रुमालाला हात पुसत त्यांनी विचारले, "ही गाडी पूर्वी मुंबईच्या एका मोठ्या नटाकडे होती म्हणतात. खरं का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षे कोणी दिले नव्हते.

माझे वडील मोटार मेकॅनिक होते. मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाट चढून नाशिकला पोहोचेपर्यंत तिचा रेडिएटर निम्म्या वेळा तरी उकळलेला असे, आणि अशा तापलेल्या, दमलेल्या गाड्यांवर आमच्या गॅरेजचा उदरनिर्वाह चाले. शोफर मंडळी चहा पिता पिता मालकांची नावे सांगत. ही अमक्या नटाची, ती तमक्या संगीतकाराची. आम्ही पोरे त्या रिकाम्या गाद्यांकडे काचेला नाक लावून पाहत असू. खरे किती आणि थापा किती, देव जाणे. बाबांना मात्र त्या नावांशी कर्तव्य नव्हते. त्यांना माणसांपेक्षा यंत्रे लवकर ओळखता येत.

या स्वभावाचा कळस १९६४ च्या डिसेंबरात झाला. मुंबईला आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस भरली होती आणि २ डिसेंबरला पोप पॉल सहावे येणार होते. भारताच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आमच्या धर्मग्रामातली बरीच माणसे नाशिक रोडहून आगगाडीने मुंबईला गेली, त्यांत बाबाही होते. रस्त्याच्या कडेला पाच तास उभे राहून ते दुसऱ्या दिवशी घरी परतले. आईने हात जोडून विचारले, "दर्शन झालं? कसे दिसतात पोपसाहेब?" बाबा म्हणाले, "लिंकन कॉन्टिनेंटल. पांढरी शुभ्र. आठ सिलिंडर, सात लिटरचं एंजिन! आपल्या सहा फियाटी एकत्र बांधल्या तरी तेवढी ताकद यायची नाही. आणि आवाज म्हणशील, तर मांजर चालल्यासारखा." आईने कपाळाला हात लावला. पोपसाहेबांनी हात वर करून आशीर्वाद दिला, त्या क्षणी आपला नवरा चाकांकडे पाहत होता, हे तिने शेजारीपाजारी सांगून पुढे कित्येक वर्षे हशा पिकवला.

काही महिन्यांनी फादरांनी प्रवचनात सांगितले, की अमेरिकेतल्या लोकांनी पोपमहाशयांना भेट दिलेली ती मोटार त्यांनी परत जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली. आणि मदरनी तीत एकदाही न बसता तिची सोडत काढली. त्या पैशांतून आसनसोलजवळ कुष्ठरोग्यांसाठी शांतीनगर उभे राहत होते. देऊळभर माणसे गहिवरली. बाबा मात्र घरी येईपर्यंत गप्प होते. जेवताना एवढेच म्हणाले, "तसलं एंजिन पुन्हा हिंदुस्थानात यायचं नाही. सोडतीत गेलं! कोणाच्या हाती पडलं असेल, त्याला तेल तरी बदलता येत असेल का?"

त्या काळातल्या मोटारीचे मोल आजच्या तरुणांना समजावून सांगणे कठीण आहे. रस्त्यावर मुख्यतः दोनच जाती दिसत, अँबॅसडर आणि फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणूनच की काय, परदेशी मोटारीत बसलेला नट आम्हाला जमिनीपासून चार बोटे वर चालल्यासारखा वाटे. आमच्या लहानपणचे आश्चर्य म्हणजे भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा. १९५१ च्या 'अलबेला'ने त्यांचे नशीब उघडले. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी! आज मंगळवार, तर दादा कोणत्या गाडीतून निघाले असतील, यावर आम्ही पैजा लावत असू. आमच्या पैजा चालू होत्या तेव्हा त्या सात गाड्यांना उतरती कळा लागली होती, हे आम्हाला कुठे ठाऊक? पुढचे चित्रपट पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या. २००२ साली दादांनी देह ठेवला तो दादरच्या चाळीत. नाशिककरांना हे नवीन वाटू नये. १९१८ मध्ये सुरू झालेली दादासाहेब फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी याच गावात नांदली आणि १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांनी याच गावात विपन्नावस्थेत डोळे मिटले. प्रसिद्धी ही भाड्याची मोटार आहे. प्रवास संपला की ती दुसऱ्याला घेऊन निघून जाते.

आमच्या दारात फियाट आली ती १९७८ साली. मुंबईच्या एका दलालाने ती बाबांच्या गळ्यात घातली, आणि घालताना एका नामवंत नटाचे नाव कुजबुजला. "त्यांचीच हो. शूटिंगला हीच न्यायचे." आठ दिवसांत ही वार्ता गल्लीत पसरली. कोणी बाबांना विचारले, की ते नुसते हसत. होय म्हणत नसत, नाही म्हणत नसत.

पुढची तीस वर्षे ती गाडी आमची कमी आणि धर्मग्रामाची अधिक होती. रात्री-बेरात्री कोणी दार ठोठावले, की बाबा किल्ली घेऊन बाहेर पडत. कोणाला कळा सुरू झालेल्या, कोणाच्या छातीत दुखते आहे. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूचा सण असला, की लांबून आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्टेशनापासून देवळापर्यंत नेण्याच्या खेपा दिवसभर चालत. धर्मग्रामातल्या किती नवऱ्यामुली त्या गाडीतून देवळात आल्या, याची गणतीच नाही. दुसऱ्याच्या लग्नात भांडी घासणाऱ्या बाईची लेकसुद्धा मागच्या सीटवर बसताना कानात सांगितले जाई, "इथं कोण बसायचं माहीत आहे का?" आणि ती मुलगी ताठ होऊन बसे. आरशात ते पाहून बाबा हसत. तेच हसू.

पेट्रोलचे पैसे कोणी दिले तर बाबा घेत, न दिले तर मागत नसत. आई यावरून कुरकुरे. एकदा ती फार चिडली तेव्हा बाबा म्हणाले, "ती लिंकन सोडतीत गेली म्हणून मी किती त्रागा केला होता, आठवतं? मला वाटलं, बाईंनी गाडी विकून टाकली. विकली नव्हती गं. कामाला लावली होती."

हे सारे मनात घोळत असतानाच मी त्या गृहस्थांना चहासाठी घरात बसवले आणि कपाटातून गाडीचे आर. सी. बुक काढले. ते पुस्तक मी आजवर कधी पहिल्या पानापासून वाचलेच नव्हते. पहिल्या मालकाच्या रकान्यात माझगावच्या पत्त्यावरच्या एका व्यक्तीचे नाव होते आणि खाली एका चहा-दलाली पेढीचा शिक्का. त्याखाली, १९७८ सालच्या हस्तांतराच्या नोंदीजवळ, बाबांची वळणदार सही. ना नट, ना संगीतकार. दोघांच्या मध्ये तिसरे कोणीच नव्हते. म्हणजे सही करताना बाबांनी ते नाव वाचले होते. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होते!

गृहस्थ सरळमार्गी होते. त्यांनी दोन आकडे सांगितले. नटाच्या मालकीची असल्यास सहा लाख, नसल्यास साडेतीन. "कागदावर नाव नसलं तरी चालेल," ते म्हणाले. "तेव्हा पुष्कळ गाड्या दुसऱ्याच्या नावावर असत. तुमच्या वडिलांनी तसं सांगितलं होतं, एवढं प्रतिज्ञापत्र करून द्या." माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च आमच्यापुढे उभा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण मी एक रात्र मागून घेतली.

त्या रात्री मला २००५ सालची एक बातमी आठवली. जर्मनीतल्या एका तरुणाने सुमारे साडेनऊ हजार युरोंना एक जुनी फोक्सवागन गोल्फ घेतली होती. कागदपत्रांत पूर्वीच्या मालकाचे नाव होते योसेफ रात्सिंगर. एप्रिलमध्ये कार्डिनल रात्सिंगर पोप बेनेडिक्ट सोळावे झाले आणि मे महिन्यात तीच गाडी लिलावात जवळजवळ एक लाख नव्वद हजार युरोंना गेली. घेणारी होती जुगाराचा धंदा करणारी एक कंपनी! गाडी तीच, एंजिन तेच. वाढले होते ते फक्त कागदावरच्या नावाचे मोल. उलट २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांना लॅम्बोर्गिनी भेट मिळाली, तेव्हा त्यांनी तिच्यावर सही केली आणि ती लिलावासाठी देऊन टाकली. पुढच्या वर्षी आलेले सुमारे सात लाख युरो इराकमधल्या उद्ध्वस्त ख्रिस्ती गावांच्या उभारणीसाठी आणि अशाच इतर कामांसाठी गेले. मोठ्या नावाने वस्तूची किंमत वाढते, यात पाप नाही. त्या नावाचे काय करायचे, हा प्रश्न आहे. आणि त्याआधीचा प्रश्न, ते नाव खरे आहे का.

बाबांचे ते हसू खोटे होते का? मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. त्या हसण्याने त्यांनी कोणाकडून एक पैसाही जास्त घेतला नव्हता. गरिबाच्या मुलीला एका सकाळपुरता थोडा दिमाख उसना दिला होता. तेच हसू मी मुद्रांकाच्या कागदावर उतरवून अडीच लाखांना विकले असते, तर ती आठव्या आज्ञेतली खोटी साक्ष झाली असती. आणि साक्षीदार म्हणून मी उभे केले असते ते मेलेल्या बापाला.

सकाळी मी आर. सी. बुक गृहस्थांच्या हाती दिले. त्यांनी ते वाचले, जरा हिरमुसले, मग साडेतीन लाखांवर व्यवहार झाला. बहिणीच्या एका गुडघ्याचे काम त्यात झाले. दुसऱ्याची तजवीज चालू आहे.

ट्रकवर चढवण्यापूर्वी मी आरशाला अडकवलेली बाबांची जपमाळ काढून घेतली. गृहस्थ वहीत टिपणे करीत होते. प्रदर्शनात गाडीपुढे तिचा इतिहास लिहिलेली पाटी लावण्याची त्यांची पद्धत आहे म्हणे. पहिल्या मालकाचे नाव त्यांनी पुस्तकातून उतरवून घेतले. मग मान वर करून म्हणाले, "आणि दुसरे मालक? पाटीवर काय लिहू?"

मी बाबांचे पूर्ण नाव सांगितले. लिहिताना चूक होऊ नये म्हणून त्यांच्या हातातली वही घेऊन ते मी स्वतःच लिहून दिले, आणि खाली लिहिले : मोटार मेकॅनिक, नाशिक.