रुळांकाठच्या लाल माठास

लाल माठा,

माझा राग तुझ्यावर नाही. तू उगवतोस ती माती तू निवडलेली नाहीस. राग आहे तो ती माती कधी तपासायची गरज न वाटलेल्यांवर. तरीही पत्र तुलाच लिहितो आहे, कारण नवी मुंबईतल्या दिघ्यात ज्या घरांत रोज दूध येत नाही आणि फळ दिसत नाही, तिथे आठवड्यातून दोनदा तरी तू शिजतोस. लोह आणि कॅल्शियम तुझ्याइतक्या स्वस्तात दुसरे कोण देते?

दिघागाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. इथून वाशीकडे जाताना एका हाताला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या हाताला ठाण्याची खाडी, आणि मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता, कारखाने, वस्त्या. ही कधीकाळची आगऱ्यांची भातखाचरे आणि मिठागरे. साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७० साली सिडको आली आणि जमीन गेली. शेती उरली ती मोकळ्या कडेकोपऱ्यांत. रेल्वेने ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली रुळांलगतच्या पट्ट्या आपल्याच कर्मचाऱ्यांना लागवडीला दिल्या, आणि मुंबईकर तुला, पालकाला, मुळ्याला गाडीच्या खिडकीतून वाढताना पाहू लागले.

भीती आहे ती या पट्ट्यांच्या मातीत शिसे असण्याची. भाजीतल्या शिशाचा विषय निघाला की इथे कुणीतरी तुर्भे-बोनसरीकडच्या दगडखाणींकडे बोट दाखवते. त्या खाणींची धूळ छातीला वाईटच, पण तो काळा दगड आहे आणि त्यात शिसे नावापुरते असते. शिशाच्या खरोखरच्या खाणीशेजारी काय होते ते पाहायचे तर झांबियातल्या काब्वे गावाकडे पाहावे. तिथली खाण १९९४ मध्ये बंद झाली, तरी आजही तिथल्या परसातल्या मातीत आणि मुलांच्या रक्तात शिसे सापडते. शिसे कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने सहसा खोलवर झिरपतही नाही. वरच्या वीतभर मातीत ते पिढ्यान् पिढ्या बसून राहते.

आपल्याकडे ते खाणीतून नाही, रस्त्यावरून आले. १ फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते. ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यांच्या कडेला त्या धुरातले शिसे वर्षानुवर्षे खाली बसत गेले. भर पडते ती जुन्या रंगाच्या पापुद्र्यांची, आणि गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर वितळवल्या जातात त्या जागांची. अशी एक शेडही आसपासची माती नासवायला पुरते.

आता तुझ्याबद्दल. शिसे मुळांतून वर चढायला नाखूश असते. बरेचसे मुळांतच अडकते. म्हणून भेंडी, वांगे, टोमॅटो तुलनेने सुरक्षित. तुझे तसे नाही. तू जमिनीलगत, दाटीने वाढतोस, तुझे पान रुंद असते आणि पावसाचे शिंतोडे, रस्त्याची धूळ सगळे त्यावर बसते. शिवाय बाजारात तू येतोस तो मुळासकट, ओली माती लागलेल्या जुडीत. घराघरांतून सांगावेसे वाटते की जुडी सोडण्याआधी मुळे कापून टाका, मग पाने तीन-चार पाण्यांतून धुवा. मीठ-हळदीच्या पाण्याची जादू काही नाही. निघते ती माती, आणि मातीबरोबर निघेल तेवढेच शिसे. पानाच्या आत गेलेले कितीही शिजवले तरी तिथेच राहते.

पालेभाजीसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेत बसणारी पन्नास ग्रॅम कच्ची भाजी एखाद्या मुलाच्या वाट्याला आली, तर तिच्यातून १५ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे पोटात जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी दिवसाची संदर्भपातळी ठरवली आहे २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे कागदावर पास झालेली जुडीसुद्धा रोज बिनघोर खावी अशी असेलच असे नाही. मुलाच्या शरीरात शिशाची सुरक्षित पातळी कोणतीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

ते शरीरात करते काय? शरीराला ते कॅल्शियम वाटते. हाडांत जाऊन बसते, आणि बाई गरोदर राहिली की हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. मुलांची बुद्धी, लक्ष, ऐकणे यांवर घाला येतो, मोठ्यांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे झिजतात. हे कुठल्याही एका दिवशी दिसत नाही. मूल ‘अभ्यासात मागे’ एवढेच दिसते, आणि बोल त्यालाच लागतो.

आणि इथे खरी अडचण आहे, माठा. शिसे हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते, म्हणजे रक्त कमी करते. उलट ज्याच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे आतडे शिसे जास्त ओढून घेते. उपाशीपोटी तर आणखीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दोनतृतीयांशांहून अधिक मुले रक्तक्षयी निघाली. त्यांना ‘पालेभाजी खाऊ नका’ असे सांगणे म्हणजे त्यांना शिशाच्या आणखी तावडीत देणे. तुला ताटातून काढून हा प्रश्न सुटत नाही. तू स्वच्छ मातीतून यायला हवास, तुझ्यावर लिंबू पिळले जायला हवे, सोबत नाचणीची भाकरी हवी.

मोजमाप आपल्याला अशक्य नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनच्या प्रकल्पाने मुंबईसह सात शहरांतल्या मुलांचे रक्त तपासले. निम्म्याहून अधिक मुलांत शिसे डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. पेट्रोलमधून शिसे काढायच्या मागणीला अशा आकड्यांचे बळ होते.

म्हणून तुझ्या वतीने मागणी करतो. रेल्वेने आणि नवी मुंबई महापालिकेने दिघ्यापासून जुईनगरपर्यंतच्या भाजीच्या प्रत्येक वाफ्याची माती आणि पाणी तपासावे. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने मातीतल्या शिशाचा अंदाज काही मिनिटांत मिळतो. निकाल मराठीत, स्थानकांवर लावावेत. पालिकेच्या दवाखान्यांत रक्तक्षयी मुलांची शिशाची चाचणी मोफत व्हावी. माती थोडी वाईट निघाली तर शेणखत आणि चुना घालून, वर स्वच्छ मातीचे उंच वाफे करून तुला तिथेच वाढवता येईल. फारच वाईट निघाली तर तिथे झेंडू लावावा, आणि कसणाऱ्याला त्या हंगामाची भरपाई द्यावी. त्याने ती माती नासवलेली नाही.

दिघ्यातला तुझा एक गिऱ्हाईक