थंड इंजिनाची साक्ष

बैलाची पारख असणारी माणसे आमच्या सीमाभागात अजून आहेत. बैल मात्र उणावले. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिल्लारी खोंडाचे दात मोजणारे, खूर उचलून पाहणारे, चार पावले चालवून मगच मान डोलावणारे वडीलधारे आम्ही लहानपणी पाहिले. सौदा रुमालाखाली बोटे धरून होई. पण तो रुमाल किमतीवर असे, जनावर उघडे असे. जुन्या मालवाहू गाड्यांच्या बाजारात नेमके उलटे आहे. किंमत मोठ्याने सांगतात आणि जनावर रंगाखाली झाकलेले असते.

डिझेल इंजिन आमच्या पिढीला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे इथेच लोखंडी नांगर घडवला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याच्या डिझेल इंजिनांनी नंतर आमच्या विहिरी उपसल्या. थंडीच्या पहाटे हँडल मारून ते धूड जागे करताना धुराचा रंग आणि ठोक्याचा आवाज यांवरून त्याची प्रकृती ओळखणे हे घरातल्या पोरांनाही येई. तीच विद्या गेल्या वर्षी पुन्हा कामी आली.

पुतण्याने बेळगावातली नोकरी सोडली आणि निपाणी परिसरातला भाजीपाला बेळगाव व कोल्हापूरच्या बाजारांत पोचवण्याचे ठरवले. त्यासाठी पिकअप हवी होती. नवी परवडण्याजोगी नव्हती. हाताशी होते ते महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या जमिनीच्या पट्टीचे पैसे. वहिनींनी ते वेगळ्या खात्यात ठेवले होते. आम्हांला त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, जमीन रस्त्यात गेली, पैसे तरी रस्त्यात जाऊ देऊ नका." या वाक्याचे ओझे घेऊन आम्ही गाडी पाहायला निघालो.

कागलच्या बाजूला एक गाडी होती. एम.एच. ०९ पासिंगची, आठ वर्षांची, नवा पांढरा रंग दिलेली. मागणी साडेतीन लाखांची. बरोबर उद्यमबागेत उमेदवारी केलेले आमचे जुने मिस्त्रीमामा होते. "सकाळी आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका," असा निरोप आदल्या रात्रीच दिला होता. मामांनी पोचताच काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला. ते गरम होते. मालक म्हणाले, जरा सावलीतून बाहेर काढली होती. मामा हसले. "असू दे की ओ. आम्हांला घाई नाही. चहा घेऊ, गप्पा मारू, इंजिन निवू दे."

हा आग्रह का, ते वाचकांस सांगणे अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापानेच डिझेल पेटते. म्हणजे दाब हा त्याचा प्राण. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो. इंजिन तापलेले असेल तर हे वैगुण्य झाकले जाते, निवलेले असेल तर उघडे पडते. म्हणून थंड इंजिनाची साक्ष खरी.

दोन तासांनी किल्ली फिरवली. तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. थंड डिझेल इंजिनाने क्षणभर पांढरट धूर सोडला तर त्यात वावगे नाही. जोर दिल्यावर काळा धूर आला तर नोझल किंवा हवेची जाळी तपासावी. तो खर्च झेपणारा असतो. पण इथे निळसर धूर निघाला आणि निघतच राहिला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मामांनी ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढून त्याच जागी उलटे ठेवले. ते थडथडू लागले आणि शेवटी बाजूला उडून पडले. वर राहायचा दाब खाली उतरत होता.

मग मामा गाडीखाली शिरले. चॅसीला ताजा काळा रंग होता. मागच्या पाट्यांच्या आधाराजवळ त्यांनी नखाने तो खरवडला. खाली वेल्डिंगची वळी निघाली. पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेले होते. "गाडीचं तोंड बघू नका ओ, पोट बघा," एवढेच ते पुतण्याला म्हणाले.

कागद पाहण्याचे काम आमच्याकडे होते. सीमाभागात ते इंजिनाइतकेच जोखमीचे. आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटले, असे मालक म्हणत; पण बँकेचा दाखला आणि नमुना ३५ दाखल झाल्याखेरीज बोजा उतरत नाही. परराज्यातली गाडी घ्यायची तर नमुना २८चा ना हरकत दाखला हवा, हस्तांतरासाठी २९ आणि ३० हवेत. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नवा नंबर घेणे कायद्याने बंधनकारक आहे, कर वेगळाच.

१ नोव्हेंबर १९५६ला ही रेषा आमच्या अंगणातून गेली. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. याच महामार्गावर १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली बैलगाड्यांसह बसले होते आणि त्या एप्रिलमध्ये गोळीबारात बारा शेतकऱ्यांनी प्राण गमावले. मागणी होती ती तंबाखूच्या भावाची. इथला शेतमाल रोज ही रेषा ओलांडतो आणि त्याला कोणी भाषा विचारीत नाही. गाडीला मात्र कागद विचारतात.

आम्ही नकार दिला. मालकांनी चाळीस हजार कमी केले, तेव्हा पुतण्याचा चेहरा उजळला. "काका, एवढ्यात इंजिन बांधून होईल की!" आम्ही म्हणालो, "इंजिन बांधता येईल. चॅसीचे काय? आणि वाटेत बंद पडली तर भाजी कोण बांधून ठेवील?" तो परतीच्या वाटेवर स्तवनिधीचा घाट येईपर्यंत बोलला नाही. त्याचे दुःख आम्हांला समजत होते. तरुण माणसाला पहिल्याच गाडीवर मन बसवण्याचा हक्क आहे. वडीलधाऱ्यांना तो नाही.

दीड महिन्याने चिक्कोडीची, के.ए. २३ पासिंगची गाडी मिळाली. हौद्याला पोचे, दारावर गंज, आसन फाटलेले. पण इंजिन गार होते, किल्ली फिरताच लागले आणि झाकण जागेवरच राहिले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला दर वर्षी घ्यावा लागतो. तो चालू होता. बोजा उतरलेला होता. किंमत पंधरा हजारांनी जास्त होती आणि ती आम्ही खळखळ न करता दिली. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत करायचा असतो. पुतण्याने तो चौथ्या दिवशी केला.

वहिनींनी नारळ फोडला, पण त्याआधी आरसी बुक मागून घेऊन नाव नीट लिहिले आहे का ते वाचून पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला भाजीच्या वीस क्रेट भरून गाडी बेळगावकडे गेली.