सुप्याहून संगमनेरास

पुण्याहून नगरास येतांना शिरूर सोडून घोड नदी ओलांडली कीं आमचा जिल्हा लागतो. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, पण साठी उलटलेल्या जिभेस नवें वळण लागण्यास वेळ लागणारच.) पुढें माळ पसरतो. झाडी विरळ, जमीन हलकी. पावसानें दया केली तर बाजरी, न केली तर नुसता वारा. त्या वाऱ्यासही अलीकडे काम मिळालें असून डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरत असतात. नगर दहा-अकरा कोस उरलें म्हणजे आमचें सुपा येतें. शहाजीराजांच्या जहागिरींतलें सुपें तें हें नव्हे, तें बारामतीकडचें. आमच्याकडे आहे ती कारखान्यांची वसाहत, मालमोटारींची रांग, आणि शेजारीं राळेगणसिद्धि, जिच्यामुळें परगांवचे लोक आमचीही विचारपूस करितात. प्रवासास निघावें तों येथून दुसरीकडे; तरी पण माझ्या प्रवासाचें मूळ या माळावरच आहे.

शाहीर अनंत फंदी मला प्रथम याच गांवीं भेटला. त्याचा देह १८१९ सालींच पडला होता. मला भेटला तो एका गोंधळ्याच्या मुखांतून. लग्नघरीं गोंधळ होता. देवीचीं पदें आटोपल्यावर, पहांटेच्या सुमारास, संबळाचा ठेका बदलून त्यानें खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा धरिला. खर्डें आमच्याच जिल्ह्यांतलें, जामखेड तालुक्यांतलें. १७९५ च्या मार्च महिन्यांत मराठे सरदार तेथें एका निशाणाखालीं निजामावर चालून गेले आणि त्याला तह करावयास लाविला. सर्वांनीं असें एकत्र येण्याची ती अखेरचीच वेळ. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव गेले. हें सारें मीं पुढें पुस्तकांत वाचलें. परंतु त्या सरदारांशीं माझी ओळख झाली ती त्या पहांटे. तेव्हां मी अकरा वर्षांचा होतों.

आमच्या तीर्थरूपांस हा नाद मुळींच रुचला नाहीं. ब्राह्मणाच्या घरांत डफ-तुणतुण्याचें काय काम, असें ते म्हणत. याचें उत्तर मीं मोठेपणीं शोधून ठेविलें होतें, पण तें त्यांस ऐकविण्याचें धैर्य कधीं झालें नाहीं. फंदी हा स्वतःच संगमनेरचा ब्राह्मण, आडनांव घोलप. मलक फंदी नांवाच्या फकिराशीं त्याची मैत्री जमली आणि तो तमाशांत रमला. जामखेडाकडील चौंडीच्या ज्या अहिल्याबाईंचें नांव आज जिल्ह्यास दिलें आहे, त्यांनीं त्याची कानउघाडणी केली, तेव्हां त्यानें डफ टाकून कीर्तन धरिलें, अशी आख्यायिका आहे. सुशिक्षित घरांत फंदीचें चरित्र एवढेंच सांगतात. आणि शाळेच्या पुस्तकांत दिला तर त्याचा उपदेशपर फटका देतात. मीं स्वतः तो शेंकडों मुलांकडून पाठ करवून घेतला. फटका उत्तमच आहे, आणि तो प्रकार मराठींत रूढ केला फंदीनेंच. परंतु ज्यानें लावण्या रचिल्या, पोवाडे गाइले, सवाई माधवरावांवर ‘माधवनिधन’ हें काव्य लिहिलें, त्याची आठवण एका उपदेशावर भागविणें म्हणजे पानावर चटणी वाढून यजमानानें हात धुण्यासारखें आहे.

त्याची रचना आज थोडीच उरली आहे. कारण उघड आहे. ज्यांस गातां येत होतें त्यांस लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांस लिहितां येत होतें त्यांनीं तें गाणें ओसरीच्या आंत येऊं दिलें नाहीं. ॲक्वर्थ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें मराठी पोवाडे जमवून १८९१ सालीं छापिले, आणि १८९४ सालीं त्यांचें इंग्रजी भाषांतरही केलें. शाळिग्रामांचे श्रम थोर. त्यांच्याकडे पाहूनच मीं एक वही घातली, आणि सुप्यास जो जो गोंधळी, जो जो जत्रेचा फड उतरेल, त्याच्याकडून फंदीच्या नांवावरचें सारें त्यांत उतरून घेऊं लागलों. लग्नघरचा तो गोंधळी तर पुढें घरचाच झाला.

एकदां त्यानें एक लावणी सांगितली. शेवटीं फंदीची नाममुद्रा खणखणीत, पण मधल्या चौकांत आगगाडी! आगगाडी या देशांत आली १८५३ सालीं, म्हणजे फंदीमागें चौतीस वर्षांनीं. मीं हा हिशेब मांडला. तो हंसून म्हणाला, “मास्तर, फंदीबुवा आज असते तर मोटार घातली नसती व्हय?” व्याकरणाचें सूत्र मोडीत निघावें तसें मला झालें. ज्या कोणीं ती लावणी रचिली त्यानें आपलें नांव पुसून शाहिराचें घातलें. एवढी भक्ति आम्हां पुस्तकी माणसांच्या हातून होत नाहीं. तशीं गाणीं मीं वहीच्या मागच्या बाजूनें निराळीं लिहूं लागलों, पण टाकलें एकही नाहीं.

गेल्या वर्षीं तो गोंधळी वारला. त्याची एक पांच चौकांची लावणी माझ्याकडे दोनच चौक उतरली होती. त्याचा मुलगा माझाच विद्यार्थी. तो आतां येथील वसाहतींत मालमोटार चालवितो, आणि संगमनेरास माल घेऊन जावयाचें होतें तेव्हां, “गुरुजी, चला, वाटेंत आठवेल तेवढें म्हणतों,” असें आपण होऊन म्हणाला.

वाट पारनेरावरून जाते, सेनापति बापटांच्या जन्मगांवावरून. पुढें टाकळी ढोकेश्वर, तेथें डोंगरांत प्राचीन लेणें आहे. तें या खेपेस राहिलें, कारण मुलगा गात होता. गळा बापाचा, पण शब्द अडखळत. मुळा नदी ओलांडल्यावर त्यानें गाडी कडेस लाविली आणि चौथा व पांचवा चौक सलग म्हटला. माझा हात थरथरत होता. अक्षर वाईट आलें आहे.

संगमनेरास प्रवरा व म्हाळुंगी यांचा संगम. गांव शाहिरास विसरलेलें नाहीं; त्याच्या नांवानें तेथें व्याख्यानमाला चालते. मुलगा माल उतरवीत होता तोंपर्यंत मी नदीकांठीं जाऊन वही उघडली आणि खर्ड्याचा पोवाडा मोठ्यानें वाचला. माझा गळा पोवाड्याचा नव्हे. तरी डुंबणारीं दोन पोरें बाहेर येऊन, अंग न पुसतांच, ऐकत उभीं राहिलीं. पुढें कोण जिंकलें, असें त्यांतल्या धाकट्यानें विचारलें.

तिसरा चौक अजून सांपडलेला नाहीं. मुलाची आत्या श्रीगोंद्याकडे दिलेली आहे. तिला तो येतो म्हणे. वय फार झालें आहे, ऐकूं कमी येतें, पण म्हणावयास लागली कीं अडत नाहीं. मृग लागण्यापूर्वीं आम्हीं दोघांनीं तिकडे जावयाचें ठरविलें आहे.