माहीमचे घर

ज्या घरात आज मी राहतो, ज्याचे खरेदीखत माझ्या आणि पत्नीच्या नावाने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रीतसर नोंदलेले आहे आणि ज्याच्या पश्चिमेच्या खिडकीतून पावसाळ्यात खाडीचा खारा वारा थेट आत येतो, ते घर न्यायाने दुसऱ्याच एका गृहस्थाचे व्हायला हवे होते. या गोष्टीला दहाबारा वर्षे होऊन गेली, तरी ती माझ्या मनातून गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

माहीमविषयी मुंबईकरांना नव्याने सांगण्यासारखे काही नाही. राजवाड्यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत बिंबराजाच्या ज्या राजधानीचे वर्णन येते तीच ही भूमी. कुराणावर भाष्य लिहिणारे मखदूम अली माहिमी येथलेच. त्यांच्या दर्ग्यावर डिसेंबरातल्या जत्रेत पहिला संदल मुंबई पोलिसांचा चढतो. सेंट मायकेलच्या देवळात बुधवारच्या नोव्हेनाला मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू बायकांची संख्या लक्षणीय असते, आणि शितळादेवीच्या देवळाबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्या कोणकोणत्या जातिधर्मांच्या घरांतून आलेल्या असतात हे ज्याने पाहिले आहे त्याला माहीमचा स्वभाव वेगळा समजावून द्यावा लागत नाही. वांद्र्याला जोडणारा बांध 1845 साली झाला तोही एका पारशी बाईने दिलेल्या 1,57,000 रुपयांच्या देणगीतून, आणि त्या लेडी जमशेटजींच्या नावाच्या रस्त्यालगतच्या एका पागडीच्या इमारतीत माझा जन्म झाला. आमच्या मजल्यावर एक कोकणी मुसलमान कुटुंब, दोन गोव्याची, एक पाठारे प्रभूंचे आणि आमचे, अशी बिऱ्हाडे होती. जिन्यावर कोणाच्या घरी काय शिजते आहे हे वासावरून ओळखावे, यात लहानपणी आम्हाला काही विशेष वाटत नसे.

ती पागडीची जागा आम्हाला सोडावी लागली. तिची हकीकत थोडक्यात अशी, की 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1940 सालच्या पातळीवर गोठवलेले भाडे घरमालकाला परवडत नव्हते, म्हणून तो दुरुस्ती करीत नव्हता; दुरुस्तीअभावी सज्जे कोसळू लागले होते; आणि आईला चार जिने चढवत नव्हते. 1999 च्या कायद्याने भाडेहक्काच्या हस्तांतरणाचा मोबदला उघडपणे घेण्याची मुभा दिली असल्यामुळे जागा विकता आली, व मालकाने प्रथेप्रमाणे किमतीचा तिसरा हिस्सा आपल्याकडे ठेवून संमतिपत्र दिले. त्याविषयी माझी तक्रार नाही. उरलेली रक्कम, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे आणि बँकेचे कर्ज मिळून माहीममध्येच, आणि जमल्यास मालकी हक्काची, एक लहानशी सदनिका घ्यावी, एवढाच आमचा मनसुबा होता.

दलालांच्या मागे हिंडताना एक गोष्ट मला लवकरच कळून चुकली: घर पाहण्याआधी दलाल बजेट विचारीत असत खरे, परंतु बजेटच्याही आधी आडनाव विचारीत असत. काही इमारतींत मांसाहारी माणूस चालत नव्हता, तेव्हा त्या आमच्यासाठी मिटल्या. काहींत एकाच धर्माचे लोक उरले होते व त्यांनाही आम्ही नको होतो. ज्या माहीममध्ये मी जन्मलो त्याची अशी वाटणी आपण नकळत कधी करून टाकली, हा प्रश्न मला त्या दिवसांत वारंवार पडे. लोक 1992-93 च्या दंगलींकडे बोट दाखवीत, आणि ते अगदीच निराधार नव्हते; कारण दंगलीत शेजाऱ्यांची दुकाने जळालेली मी पाहिली आहेत, आणि 12 मार्च 1993 रोजी मच्छीमार वसाहतीवर हातबाँब पडले त्यात मरण पावलेल्यांची घरे मला ठाऊक आहेत. परंतु त्यानंतर इमारतींचे दरवाजे जे बंद झाले ते दुःखामुळे झाले, की दुःखाचे निमित्त करून झाले, याचा विचार कोणी करीत नसे.

अखेर एक घर मिळाले. मालकीणबाई गोव्याकडच्या ख्रिस्ती, विधवा, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा वसईला राहत असल्यामुळे त्याच्याजवळ जाऊन राहण्यासाठी घर विकायला निघालेल्या. सगळे त्यांना आंटी म्हणत, मीही म्हणू लागलो. किंमत ठरली, विसार दिला, आणि मग बँकेने सांगितले की गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आल्याशिवाय कर्जाची रक्कम मिळणार नाही. आता उपविधी सांगतात की भागांचे आणि हितसंबंधांचे हस्तांतरण करण्यासाठी संस्थेच्या ना हरकतीची आवश्यकता नाही. परंतु कायदा काही म्हणो, बँकेला तो कागद हवा असतो, आणि ज्या सामान्य माणसाला कर्जाशिवाय घर घेणे शक्य नाही त्याचे सारे भवितव्य त्या एका कागदाशी बांधलेले असते. पुढे जे घडले ते नीट समजण्यासाठी ही अडचण ध्यानात ठेवली पाहिजे.

व्यवस्थापन समितीने मला संध्याकाळी कचेरीत बोलावले. पाचसहा जण होते, बहुतेक माझ्यासारखेच मराठी, एकदोन गुजराती. त्यांतले दोघे तर माझ्या शाळेचे माजी विद्यार्थी निघाले. चहा आला. नोकरी कुठे, मुले काय करतात, गाडी आहे काय, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग सचिव, जे वयाने माझ्याहून मोठे आणि बोलण्यात अतिशय मृदू होते, पुढे सरकून आपुलकीने म्हणाले, "खरं सांगू का, अर्जावर तुमचं नाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आधी एक जण येऊन गेले होते. गृहस्थ भले होते, नाही म्हणायला जागा नव्हती. पण आपली इमारत शांत आहे, हो. आपल्यातलाच माणूस असला म्हणजे बरं."

मी विचारले, "ते कोण होते?"

"जाऊ द्या ना. तुम्ही समजून घ्या."

मला समजले. माझे प्रमाणपत्र आठवडा उलटण्याच्या आत हातात पडले.

दुसऱ्या दिवशी मी आंटींना विचारले तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. ते गृहस्थ रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, बंदर खात्यात अभियंता, तीन पिढ्या माहीमच्याच कापड बाजाराच्या बाजूला राहिलेले. त्यांनी आंटींना विसार दिला होता, किंमतही आमच्याइतकीच ठरली होती. त्यांनी ना हरकतीसाठी अर्ज केला, आणि तेथून जे सुरू झाले त्याला नकार म्हणता येत नाही, कारण नकार कोणी दिलाच नाही. सचिव गावी गेले होते. ते आले तेव्हा अध्यक्षांची सही व्हायची राहिली होती. मग समितीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मग अर्जाला जोडलेल्या कागदांत एक कागद कमी असल्याचे आढळले, तो दिल्यावर अर्ज नव्या नमुन्यात मागण्यात आला. महिन्यांमागून महिने गेले. बँकेच्या मंजुरीची मुदत संपली, आंटींना वसईच्या घराचे पैसे भरायचे होते, आणि शेवटी त्या गृहस्थांनीच त्यांना सांगितले, "आंटी, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका." त्यांनी विसार परत घेतला आणि आंटींनी दुसरा गिऱ्हाईक पाहिला. तो गिऱ्हाईक मी.

मी त्यांच्या घरी गेलो. जाताना काय बोलावे याची मनाशी बरीच जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात त्यांनीच मला सावरून घेतले. त्यांच्या पत्नीने सांदणे केली होती, ती आग्रहाने वाढली. ते म्हणाले, "अहो, तुम्ही घ्या. तुम्ही नाही घेतलंत तर तिसरा कोणी घेईल, पण मला काही मिळणार नाही. मला राग एवढाच येतो की त्यांनी मला मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. एका कागदावर 'नाही' लिहिलं असतं तर तो कागद घेऊन मी उपनिबंधकाकडे गेलो असतो. लिहीत नाहीत ना. तिथंच माणूस हरतो."

त्यांचे हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने तंतोतंत खरे होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 23 अन्वये पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते; कलम 22 असेही सांगते की सभासदत्वाच्या अर्जावरचा निर्णय तीन महिन्यांत कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाईल. परंतु सभासदत्वाचा अर्ज येतो खरेदीनंतर, आणि खरेदी अडते कर्जापाशी, आणि कर्ज अडते त्या ना हरकतीपाशी, जी कायद्याला नकोच आहे. ज्या पायरीवर कायदा उभा आहे तेथपर्यंत माणसाला पोहोचूच द्यायचे नाही, यात ही सारी युक्ती आहे. कोणाच्या तोंडून एकही वाईट शब्द निघत नाही, कागदावर एकही अन्यायाचे वाक्य उमटत नाही, आणि तरी एक कुटुंब आपल्या जन्मगावातून उठते. त्यांनी पुढे मुंब्र्याला घर घेतले.

मी ते घर घेतले. माझ्या घेण्याने त्यांच्यावरचा अन्याय वाढला असे मला तेव्हा वाटले नाही, आणि विचार करता आजही वाटत नाही. परंतु मी मोकळ्या मनाने नव्या घरात गेलो असे म्हणणे खरे होणार नाही. गृहप्रवेशाच्या दिवशी सचिव नारळ घेऊन आले. माझ्या आईच्या आजारपणात मध्यरात्री गाडी काढून तिला रुग्णालयात नेणारेही तेच होते. ते दुष्ट आहेत असे मी म्हणू शकत नाही, आणि माझी खरी अडचण हीच आहे.

जे कोणी मुंबईत घर घेऊ पाहत असतील त्यांनी, नाव कोणतेही असो, संस्थेच्या कचेरीत दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच तारखेसह घ्यावी. तोंडी उत्तरावर विसंबू नये. नोंदलेल्या उपविधींची प्रत मागून वाचावी, कारण त्यांत सभासदत्व एखाद्या समाजापुरते मर्यादित केलेले नसेल तर समितीला तशी मर्यादा आपल्या मनाने घालता येत नाही. हस्तांतरण शुल्क म्हणून 25,000 रुपयांहून अधिक रक्कम 'देणगी'च्या नावाने कोणी मागू लागला तर तीही देऊ नये. आणि विसाराच्या करारात मुदत घालताना संस्थेच्या विलंबाचे कलम वकिलाकडून घालून घ्यावे. त्या गृहस्थांच्या करारात ते असते तर कदाचित आंटी आणि ते, दोघांनाही थोडा अवधी मिळाला असता.

समाजापुरती मर्यादा घालणारे उपविधी असू शकतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली तशी मर्यादा वैध ठरवली. तो निर्णय मला पटत नाही. तरीही आपल्या सहकारी गृहनिर्माणाचा उगमच तसा आहे, हे मी विसरू शकत नाही. 1915 साली श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत मंडळींची जी संस्था निघाली तीच या देशातल्या चळवळीची सुरुवात मानली जाते, आणि परमुलखात आलेल्या, भाड्याच्या खोल्यांत गुदमरलेल्या मध्यमवर्गीयांनी आपल्या माणसांना हाताशी धरून डोक्यावर छप्पर मिळवले, यात त्यांचे काही चुकले असे मला म्हणवत नाही. परंतु ते एकत्र आले होते घर उभारण्यासाठी. आमच्या इमारतीत तसे कोणी एकत्र आले नव्हते. एका विकासकाने ती बांधली, ज्यांच्यापाशी पैसे होते त्यांनी घरे घेतली, त्यांत आंटींचे यजमानही होते, आणि कित्येक वर्षांनी कोणाला तरी आठवण झाली की आपण एक समाज आहोत.

गेल्या वार्षिक सभेत उपविधींमध्ये दुरुस्ती करून सभासदत्वाला तशी मर्यादा घालावी असा ठराव आला. मी उभा राहून विरोध केला, आणि त्या अभियंत्याची हकीकत, त्यांचे नाव न घेता, सभेपुढे ठेवली. सचिव खाली मान घालून ऐकत होते. तेव्हा एका तरुण सभासदाने मला विचारले, "काका, माहीम कोळीवाड्याच्या सीमांकनाच्या अर्जावर तुम्ही सही केलीत ना? कोळी म्हणतात, आमची घरं बाहेरच्याला विकू नयेत. त्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?"

सही मी केली होती, आणि पुन्हा करीन. ज्यांच्या होड्या ओढायला दुसरा किनारा नाही, ज्यांची वस्ती या शहराहून जुनी असूनही तिला झोपडपट्टी म्हणून मोजण्याची भीती घातली जाते, त्यांनी आपली जागा आपल्यातच राखावी असे मला मनापासून वाटते. मी त्या तरुणाला सांगितले की दुबळ्याने स्वतःला टिकवण्यासाठी लावलेली कडी आणि सबळाने दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी लावलेली कडी या एक नव्हेत. तो म्हणाला, "आपण दुबळे नाही, हे कोणी ठरवलं?" त्याच्या या प्रश्नाला माझ्यापाशी पुरेसे उत्तर नव्हते, मी जे बोललो ते त्याला पटले नाही आणि बोलून झाल्यावर माझेही समाधान झाले नाही. मतदान झाले, ठरावाला लागणारे दोन तृतीयांश बहुमत थोडक्यात हुकले, आणि सभा संपली. पुढच्या सभेत तो पुन्हा मांडण्यात येणार असल्याची सूचना या आठवड्यात फलकावर लागली आहे. विरोधाचे माझे पत्र मी काल कचेरीत दिले, आणि तारखेसह पोच घेतली.