दारावरची अक्षरं

उन्हं कलली की आमच्या बोलेरोच्या दारावरची ‘पोलीस’ ही अक्षरं अजून वाचता येतात. गाडी ताब्यात येण्याआधीच स्टिकर खरवडून काढले होते. छपरावरचा दिवा, भोंगा, बिनतारी संच सगळं उतरवून घेतलं होतं. पण इतकी वर्षं स्टिकरखाली झाकलेला रंग विटला नाही, भोवतालचा विटला, आणि अक्षरं होती तेवढ्या जागेत पांढरा रंग जास्त पांढरा राहिला. रबिंग कंपाउंड मारलं, पॉलिश केलं. अक्षरं थोडी मागे सरकतात, जात नाहीत. आख्खं दार रंगवून घ्या, असं मिस्त्री दरवेळी सुचवतात. मी अजून रंगवलेलं नाही, आणि त्याचं कारण आमच्या घरातच आहे.

आमची आजी डहाणू तालुक्यातल्या या कैनाडच्या पाड्यावरच वाढली, वारल्यांच्या घरात. तिच्या लहानपणी इथे मोटार क्वचित यायची, आणि यायची ती काही तरी न्यायला. सावकार, जंगलखातं आणि पोलीस ही तीन माणसं नव्हेतच, एकच माणूस तीन कपडे घालून येतो, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी पत्करावी लागणारी लग्नगड्याची गुलामी मोडायला वारली उठले ते १९४५ साली, किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड त्यात गेले. आजी तेव्हा कडेवरची पोर असणार. तिने पाहिलेलं काहीच नाही, पण ऐकलेलं सगळं तिच्या अंगात होतं. पुढे गोळ्या थांबल्या तरी मोहाच्या दारूवरच्या धाडी होत्याच. गाडी ओढा चढायला लागली की आवाज बदलतो, तेवढ्यावरून बायका ओळखायच्या आणि पुरुष रानात शिरायचे. चुलीवरचं मडकं कुणी फोडायचं, कुणी लपवायचं, हे त्या आवाजाच्या अंतरावर ठरायचं.

अशा घराच्या अंगणात मी पोलिसांची गाडी आणून उभी केली.

सरकारी गाडी जुनी झाली की ती निर्लेखित होते आणि लिलावात निघते. ‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट असते. अनामत भरायची, रांगेत उभ्या गाड्या बाहेरून बघायच्या आणि बोली लावायची. चालवून कोणी देत नाही. लिलावातल्या गाडीच्या मालकी हस्तांतराचा अर्जही वेगळा असतो, नमुना ३२. त्यासोबत लिलावाची कागदपत्रं जोडून तीस दिवसांत आरटीओत द्यावा लागतो. आमच्या गाडीचा नंबर एमएच ०४, म्हणजे ठाण्याचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्याआधी आम्ही सगळेच ठाण्याचे होतो. आता आरटीओच्या कामाला विरारला जावं लागतं. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३मध्ये, म्हणून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. कागदांवर मी इतकं लिहितो आहे कारण पाड्यावरच्या माणसाला गाडीपेक्षा कागदाची भीती जास्त असते. फाईल स्वच्छ असली की रस्त्यावर हात दाखवणाऱ्या शिपायासमोर आवाज कापत नाही.

पोलिसांच्या गाडीचा किलोमीटरचा आकडा तिचं खरं वय सांगत नाही. बंदोबस्तात ती तासन्‌तास जागेवर उभी असते, इंजिन चालू. आणि तिला एक हात कधी नसतो, पाळी बदलली की चालक बदलतो. कोणी क्लचवर पाय ठेवूनच चालवतो, कोणी गिअर न बदलता चढ चढवतो. आमच्या गाडीचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन अजून दणकट होतं, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं दिसत होतं. क्लचप्लेट मात्र संपलेली, स्टेअरिंगला प्ले, मागच्या पाट्यांचे बुश निघालेले, आणि पत्र्याची हालत वाईट. डहाणूची हवा खारी. समुद्र इथून दिसत नाही, पण पत्र्याला तो कळतो. गंज आधी चाकांच्या वरच्या कमानीत धरतो, मग दाराच्या खालच्या कडेला, आणि रंगाला फुगवटा येईपर्यंत आत चाळण झालेली असते.

दिवा उतरवला तरी त्याच्या बोल्टांची भोकं छपरात राहिली होती, अँटेनाचंही एक. पहिल्याच पावसात ती नेमकी मधल्या सीटवर गळायला लागली. वरून एम-सील भरलं, ते उन्हाने तडकलं. शेवटी मिस्त्रींनी आतलं कापड सोडवलं, प्रत्येक भोकावर पत्र्याची चकती वेल्ड केली, घासली, प्रायमर दिलं. पाठीवर झोपून, ठिणग्या चेहऱ्यापासून वाचवत केलेलं काम. आज छपरावरून हात फिरवला तर बोटांना चार लहान उंचवटे लागतात. मला ते आवडतात. दरवर्षी मे महिन्यात गाडी खालून धुऊन, वाळवून जळकं तेल मारतो, पाट्यांच्या पानांमध्येही सोडतो. क्रॉसला ग्रीस, ब्रेक लायनर, डिझेल फिल्टर हे भातलावणीच्या आत. लावणी सुरू झाल्यावर कोणालाच वेळ नसतो आणि चिखलात गाडीखाली शिरता येत नाही.

आजी पहिले काही आठवडे गाडीच्या जवळ गेली नाही. अंगणात यायची ती मागच्या दाराने. एकदा मी पाट्यांवर काम करत असताना ती येऊन उभी राहिली आणि दारावरच्या अक्षरांवर तळवा ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती काय आहेत ते तिला माहीत होतं. “याचं पोट उघडून आत काय आहे ते तू बघतोस?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती बराच वेळ बसून बघत राहिली, कुठला नट कुठे जातो ते विचारत. त्या चैत्रात ती याच गाडीत पुढच्या सीटवर बसून डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला गेली. वाटेत पाड्यावरच्या बायका दिसल्या की काच खाली कर म्हणायची आणि हाक मारायची. आजी गेली तेव्हाही ती अक्षरं दारावर होती. तिने हात ठेवला होता ती जागा रंगाखाली घालवायला मन होत नाही.

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपत. लहान पोरं आमच्या गाडीत झोपायची, सीट पाडून, गोधड्या टाकून. अडलेल्या बाईला रात्री कासा नाहीतर डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं, तिथून वलसाड किंवा सिल्वासाला पाठवलं तर पुढे निघायचं, हेही गाडीचं कामच झालं आहे. पैसे घेत नाही. खाजगी नंबरच्या गाडीला भाडं घेण्याची परवानगी नाही, आणि असती तरी घेतले नसते. ओढ्याचा चढ चढताना इंजिनाचा आवाज अजून तसाच बदलतो. आता तो ऐकून माणसं रस्त्याकडे येतात.

१ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या थेट अधिकृत भंगार केंद्रात जातात. धुराचा विचार केला तर नियम रास्त आहे, आणि लिलावातल्या खिळखिळ्या गाड्यांनी माणसं मेली आहेत हेही खरं. तरी वाटतं, इतक्या वर्षांची जुनी पोलीस गाडी यापुढे कुठल्या पाड्याच्या अंगणात येऊन उभी राहणार नाही. आमची खाजगी नोंदीवर आहे. दर पाच वर्षांनी पर्यावरण कर भरून, तपासणी करून पुढे चालते, तीही पास झाली तर. म्हणून मी पेटीत सुटे भाग जमवतो आहे: क्लचप्लेट, पाट्यांचे बुश, एक जुना पण चांगला अल्टरनेटर. यंदा डाव्या मागच्या कमानीचा पत्रा कापून नवा जोडायचा आहे. मुलीला वेल्डिंग बघायचं आहे म्हणून मिस्त्रींना शाळा नसलेला दिवस मागितला. त्यांनी रविवार दिला आहे, काळा चष्मा तिच्यासाठी वेगळा आणतो म्हणाले.